दुधाचे दात आणि रेबीज

पावसाळा ओसरला की घाटकोपरात कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात. पश्चिमेला असल्फा, भटवाडी, बर्वेनगरच्या वस्त्यांत जिन्यांखाली आणि पाण्याच्या पिंपांमागे, पूर्वेला पंतनगर, गरोडियानगरच्या सोसायट्यांत उभ्या गाड्यांच्या आडोशाला. नेमकी त्याच सुमाराला मुलांना दिवाळीची सुट्टी असते. पिल्लांना पोत्याचं अंथरूण मिळतं, बिस्किटं येतात, नावं ठेवली जातात, आणि त्यातलं एखादं कुणाच्या तरी घरी कायमचं राहायला जातं. विकत घेतलेली पिल्लंही येतात. ब्रीडरच्या भाषेत ‘पंचेचाळीस दिवसांचं’ लॅब्रॅडॉर किंवा शित्झू. जिन्याखालचं असो की विकतचं, पिल्लू घरात आलं की पहिल्या दिवसापासून चावायला लागतं. बोटं, घोटे, पायजम्याची कड, झोपलेल्या माणसाचं नाक, काहीही. त्याचे दुधाचे दात सुईसारखे बारीक असतात. लागलं की रक्ताचा एखादा ठिपका दिसतो, कधी नुसता पांढरा ओरखडा उमटतो.

मग घरात एकच प्रश्न फिरतो: इंजेक्शन घ्यायचं का? आणि त्यावर शेजारपाजारची ठरलेली उत्तरं येतात. ‘इतकंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज?’ ‘आपल्या घरातलंच तर आहे.’ ‘त्याला लस दिलीय ना, मग झालं.’ ही उत्तरं प्रेमापोटी दिली जातात हे मला माहीत आहे. पण तिन्ही अर्धवट आहेत, आणि रेबीजच्या बाबतीत अर्धवट माहितीची किंमत एका जिवाइतकी असते. म्हणून हा प्रश्न एकदा मुळापासून तपासायला हवा.

रेबीजचा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, नखाच्या ओरखड्यातून, उघड्या जखमेवर किंवा डोळा-ओठांच्या ओल्या त्वचेवर लाळ लागल्यातून तो शिरतो, काही काळ स्नायूत राहतो आणि मग मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. चावा आणि लक्षणं यांच्यामध्ये साधारणपणे एक ते तीन महिने जातात. क्वचित आठवडाभरातही दिसतात, क्वचित वर्षानंतर. चेहरा, मान आणि हाताची बोटं इथल्या जखमा अधिक धोक्याच्या, कारण तिथे मज्जातंतू दाट असतात, आणि चेहरा-मानेपासून मेंदूचं अंतरही कमी. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र औषध नाही. जगभरात यातून वाचलेली माणसं मोजकीच आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचं वर्णन आहे, आणि पाण्याला घाबरू लागलेला रोगी वाचत नाही असं तिथेही सांगितलं आहे. रोग्याच्या बाबतीत ते आजही खरं आहे. बदललं आहे ते चाव्यानंतरच्या पहिल्या तासांत आणि दिवसांत आपल्याला करता येण्यासारखं. या काळात नीट उपचार झाले तर हा रोग जवळजवळ नेहमी टळतो. इतका जीवघेणा आणि तरीही इतका टाळता येण्यासारखा दुसरा आजार शोधून सापडणार नाही.

किती माणसं मरतात, याचे आकडे मात्र गोंधळात टाकणारे आहेत. केंद्र सरकारकडे आलेल्या नोंदींनुसार २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून जास्त घटना झाल्या, त्यातल्या जवळपास ४ लाख ८५ हजार एकट्या महाराष्ट्रात. त्याच वर्षी रेबीजच्या संशयित मृत्यूंची नोंद मात्र फक्त ५४. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं भारतासाठी १८ ते २० हजार मृत्यूंचा अंदाज देत आली. या दोन टोकांमध्ये आता एक तिसरा आकडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली आणि वर्षाला सुमारे ५,७२६ मृत्यू आणि ९१ लाख प्राणीदंश असा अंदाज मांडला. मला हा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो रुग्णालयाच्या रजिस्टरवर न थांबता घराच्या दारापर्यंत गेला. त्याच पाहणीत एक गोष्ट अशी निघाली की चावलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाने लसीचा एकही डोस घेतला नव्हता. सरकारी नोंद आणि हा अंदाज यांच्यामध्ये शंभर पटींचा फरक आहे. पुष्कळ मृत्यू ‘मेंदूज्वर’ म्हणून किंवा काहीच न म्हणता जातात.

जागतिक पातळीवर रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. मुलं उंचीने कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर येतो. शिवाय मुलं सांगत नाहीत. जिन्याखालच्या पिल्लाला हात लावू नको अशी ताकीद मिळालेली असते. मग ओरखडा बाहीखाली लपतो. घाटकोपरसारख्या दाट वस्तीत, जिथे सगळ्या मुलांचं अंगण म्हणजे एकच गल्ली असते, तिथे हा ओरखडा कधी झाला, कोणत्या पिल्लाने केला, हे आईबापांना कळतच नाही. ताकीद देणाऱ्या प्रत्येक घरात दुसरं वाक्यही बोललं गेलं पाहिजे: लागलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही.

आता पहिलं उत्तर. पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज सपशेल चूक आहे. पिल्लाला रेबीज होण्यासाठी त्याला आजारी कुत्र्याने चावावं किंवा त्याच्या जखमेला तशा कुत्र्याची लाळ लागावी एवढंच पुरेसं आहे. रस्त्यावरच्या पिल्लांच्या बाबतीत हे सहज घडतं. मोठी कुत्री आणि मांजरं त्यांना हुसकतात, चावतात, आणि ती लहान जखम केसांत दडून जाते. खुद्द आईच आजारी पडली तर सगळं वेत धोक्यात. पिल्लू आणलं तेव्हा ते ठणठणीत दिसत होतं, याला फारसा अर्थ नाही. विषाणू अंगात शिरून लक्षणं दिसायला आठवडे किंवा महिने लागू शकतात. २०२५ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका तरुण कबड्डीपटूचा मृत्यू देशभरच्या बातम्यांत आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी नाल्यात अडकलेलं पिल्लू बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या बोटाला किरकोळ दात लागला, आणि खेळातली जखम समजून त्याने लस घेतली नाही. जीव वाचवायला गेलेल्या माणसाचा असा शेवट व्हावा याचं दुःख शब्दांत सांगता येत नाही. पण त्यातली माहिती मनात ठेवली पाहिजे: कुत्रं मोठं नव्हतं, पिसाळलेलंही दिसत नव्हतं, आणि जखम बोटाला होती.

पिल्लातला रेबीज ओळखणंही अवघड. आपल्या डोळ्यांपुढे रेबीज म्हणजे तोंडाला फेस आलेला, गल्लीभर धावत सुटलेला कुत्रा. ते एक रूप झालं. दुसऱ्या रूपात जनावर गप्प होतं, अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतं, खात नाही, आवाज बदलतो, मागचे पाय ओढत चालतं आणि खालचा जबडा लोंबतो. पिल्लांच्या बाबतीत हे सहज डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा आजार किंवा साधी अशक्तता वाटू शकतं. जबडा लोंबलेला आणि लाळ गळत असलेली पाहून घरातल्या माणसाला वाटतं, घशात हाड अडकलं असणार. मग तो पिल्लाच्या तोंडात बोटं घालून शोधतो. जनावरांच्या डॉक्टरांना हा प्रसंग चांगला परिचयाचा आहे, आणि लाळेचा याहून मोठा संपर्क दुसरा नाही. पिल्लाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी डॉक्टरला फोन करा, एवढं एक वाक्य प्रत्येक श्वानपालकाने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ होईल.

तिसरं उत्तर, लस दिलीय ना, हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं आणि सगळ्यांत जास्त फसवं आहे. पिल्लाच्या लसींच्या कार्डावर सहा-आठ आठवड्यांपासून शिक्के पडू लागतात. ‘सेव्हन-इन-वन’, ‘नाइन-इन-वन’ अशी नावं असतात. या लसी पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस वगैरेंसाठी. रेबीजची लस सहसा वेगळी असते, आणि ती साधारणपणे पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याचं कारण असं की आईला लस मिळालेली असेल तर तिच्या चिकातून पिल्लाला काही प्रतिकारशक्ती येते आणि ती लवकर दिलेल्या लसीच्या कामात आडवी येऊ शकते. डोस दिल्यावर पिल्लाच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला आणखी तीन-चार आठवडे जातात. काही डॉक्टर म्हणूनच पहिल्या डोसनंतर महिनाभरात दुसरा डोस देतात, आणि आपल्याकडच्या परिस्थितीत ते योग्यच आहे. पुढे वर्षाला एक.

आता हिशेब करून पाहा. पिल्लू दीड महिन्याचं असताना घरात आलं. रेबीजची लस तीन महिन्यांना. तिचं संरक्षण चार महिन्यांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अडीच महिने पिल्लू आपल्या मांडीवर, मुलांच्या अंथरुणात आहे आणि रेबीजपासून सुरक्षित नाही. आणि नेमक्या याच अडीच महिन्यांत त्याचे दात सगळ्यांत तीक्ष्ण असतात आणि ते सगळ्यांत जास्त चावतं. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, शिस्त लागते, चावणं कमी होतं. धोका आणि चावे एकाच काळात येतात, आणि त्या काळात घरातला प्रत्येक जण ‘अजून लहान आहे’ म्हणून बेफिकीर असतो. या सगळ्या प्रश्नाचं मर्म मला इथे दिसतं. विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं की २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ‘पंचेचाळीस दिवसांचं’ ही जाहिरात म्हणजे नियम मोडल्याची कबुलीच आहे. आठ आठवडे आईजवळ राहिलेल्या पिल्लाला भावंडांकडून चावण्याचं भानही शिकायला मिळतं, आणि आईच्या लसीचा दाखला ब्रीडरकडे मागता येतो. मागा, आणि तो नसेल तर पिल्लू आणू नका.

जिन्याखालच्या पिल्लाला दाखला कुठला? इथे घाटकोपरातल्या प्राणिप्रेमींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. कान टोचलेला किंवा कानाची कड कापलेला कुत्रा म्हणजे लस झालेला, असं आपण गृहीत धरतो. ती खूण नसबंदीची असते. नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही देतात हे खरं, पण ती त्या दिवसाची लस. वर्षानुवर्षं पुरत नाही. आणि पिल्लांची आई तर नसबंदीतून गेलेलीच नसणार, नाहीतर पिल्लं झालीच नसती. म्हणजे वेगळ्या लसीकरण मोहिमेत ती सापडली नसेल तर तिला लस मिळालेली असण्याची शक्यता कमी, आणि तिच्या पिल्लांना चिकातून मिळालेलं संरक्षणही नाही. दूध पिणारी पिल्लं आणि त्यांची आई यांना नसबंदीसाठी उचलतही नाहीत. अशा पिल्लाला तीन महिने वाट पाहायला लावण्यात फारसा अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना सामूहिक मोहिमांत तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही लस द्या असं सांगते. घरी आणलेल्या रस्त्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत डॉक्टरांशी याबद्दल स्पष्ट बोलावं: आधी एक डोस, तीन महिन्यांना पुन्हा.

‘आपल्या घरातलंच आहे’ या उत्तरात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर उपयोगाचं आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याच्या आधी फार तर दहा दिवस येतो. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा जिवंत आणि निरोगी राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे खात्रीने म्हणता येतं. घरातलं पिल्लू डोळ्यांसमोर असतं, ही मोठीच सोय. पण यात दोन खाचखळगे आहेत. एक, दहा दिवस पाहायचे ते लस सुरू करून. लस थांबवून ठेवून वाट पाहायची नसते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. दहा दिवसांनी पिल्लू धडधाकट असेल तर पुढचे डोस कमी करता येतात. दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. दहा दिवस पिल्लू ठीक राहिलं याचा अर्थ त्याला रेबीज होणारच नाही असा नाही. दहा दिवसांपूर्वीचा तो एक चावा निर्धोक होता, एवढाच. चौथ्या दिवशीच्या चाव्याचे दहा दिवस वेगळे मोजावे लागतात. रोज चावणाऱ्या पिल्लाबरोबर हा हिशेब रोज पुढे सरकत राहतो.

आणि पिल्लू मेलं तर? रस्त्यावरची पिल्लं फार मरतात. पार्व्होने, डिस्टेंपरने, गाडीखाली, पावसात भिजून. सकाळी पिल्लू मेलेलं सापडलं की सफाई कामगार ते उचलतो, मुलं रडतात, आणि दोन दिवसांनी विषय संपतो. खरं तर तेव्हाच प्रश्न विचारायला हवा: गेल्या दहा-बारा दिवसांत याला कुणी कुणी खेळवलं? कुणाच्या हाताला दात लागले? कारण कळलेलं नसताना पिल्लू मेलं किंवा दिसेनासं झालं, तर चावलेल्या प्रत्येकाने लसीचा पूर्ण कोर्स करायचा. शक्य असेल तर शव फेकून न देता जनावरांच्या डॉक्टरला कळवावं. रेबीजचं पक्कं निदान मेंदूच्या नमुन्यावरूनच होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून वाद होतात, पाण्याच्या वेळा येतात. ‘जिन्याखालचं तपकिरी पिल्लू आज मेलं, ज्यांना ओरखडा असेल त्यांनी दवाखान्यात जा’ हा एक निरोप तिथे गेला तर कुणाचं तरी मूल वाचू शकतं.

चावल्यावर काय करायचं याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद उरलेला नाही. प्रथम साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं हा काळ घड्याळ लावून पाहिल्याशिवाय किती मोठा आहे हे कळत नाही; बहुतेक जण एका मिनिटात थांबतात. साबणाने या विषाणूचं आवरण मोडतं, म्हणून हे धुणं म्हणजे उपचाराचा पहिला डोसच समजा. नंतर पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाल्याचा लेप यांतलं काही नाही, आणि जखमेला टाके शक्यतो नाहीत. मग दवाखाना. घाटकोपरकरांना पूर्वेला महापालिकेचं राजावाडी रुग्णालय जवळ आहे. पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. 

तिथे डॉक्टर जखमेची प्रतवारी करतात. धडधाकट त्वचेला नुसतं चाटलं, तर काही नको. उघड्या त्वचेवर दात कुरतडले किंवा रक्त न येता ओरखडा उमटला, तर जखम धुणं आणि लस. पिल्लाचं खेळकर चावणं बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रतीत बसतं. ‘रक्त आलं नाही’ म्हणून ते सोडून द्यायचं नाही. रक्त आलं, फुटलेल्या त्वचेवर किंवा डोळा-तोंडात लाळ गेली, तर तिसरी प्रत: लस, आणि शिवाय जखमेतच टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन. लसीने शरीर स्वतःचं संरक्षण तयार करतं, त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवरची पोकळी हे तयार प्रतिपिंड भरून काढतात. ते पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच द्यायचे असतात. केरळमध्ये २०२५ मध्ये लस सुरू होऊनही काही मुलं दगावली, तेव्हा लसीवरच संशय घेतला गेला. पण डोक्यावर, चेहऱ्यावर खोल चावे असताना विषाणूला मेंदू गाठायला वेळ लागत नाही. अशा वेळी धुणं, प्रतिपिंड आणि लस ही तिन्ही तत्काळ आणि नीट व्हावी लागतात. छोट्या दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिन असेलच असं नाही, म्हणून तिसऱ्या प्रतीची जखम असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जावं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये या प्रतिपिंडांचा प्रयोगशाळेत बनवलेला प्रकार बाजारात आणला, घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तावर अवलंबून न राहणारा. तो सगळ्या सरकारी रुग्णालयांत सहज मिळायला हवा.

लसीच्या वेळा स्नायूतल्या पद्धतीत शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी. त्वचेत देण्याच्या पद्धतीत शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यावर कधीच नाही. गरोदर बाईलाही देता येते. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती अजून जुन्या पिढीच्या बोलण्यात आहे आणि ती तिच्या नातवंडांपर्यंत पोहोचते. ती भीती उगाच नव्हती. १८८५ च्या ६ जुलैला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली, त्यानंतर भारतात कसौली आणि कुन्नूरला संस्था उभ्या राहिल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली, आणि परळच्या हाफकिन संस्थेतही अशी लस तयार होत असे. ती बेंबीभोवती टोचत, आणि क्वचित तिच्यामुळेच अर्धांगवायू होई. २००४ च्या अखेरीस देशात तिचं उत्पादन बंद झालं. आजची पेशींवर वाढवलेली लस पूर्णपणे वेगळी आहे. आजीआजोबांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं, कारण घरात ‘कशाला सुया टोचता पोराला’ हे वाक्य बहुधा त्यांच्याकडून येतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय करायचं, हा या शहराचा फार जुना वाद. १८३२ च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून मुंबईत दंगल झाली होती. पारशी पुढे होते, पण हिंदू आणि जैनही सामील होते. पुढे दीर्घकाळ पालिका कुत्री मारत राहिली, आणि कुत्री काही संपली नाहीत, रेबीजही संपला नाही. १९९० च्या दशकात मारण्याऐवजी नसबंदीचं धोरण आलं, २००१ मध्ये त्याला केंद्रीय नियमांचा आधार मिळाला आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने झाले. २०१४ च्या मोजणीत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दिल्लीविषयीच्या आदेशांनी देशभर दोन तट पाडले. त्या वादात मी इथे शिरत नाही, कारण रेबीजपुरतं उत्तर आपल्या शेजारी मिळालं आहे.

ते गोव्यात. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून तिथे वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली, वाडी-वाडीत फिरून, हाताने आणि जाळ्याने पकडून, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवर ठेवून. शाळाशाळांत मुलांना चावल्यावर काय करायचं ते शिकवलं. आजारी कुत्र्याची खबर आली की पथक पोहोचत असे. जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केलं तेव्हा तीन वर्षं राज्यात माणसाचा रेबीजने मृत्यू झालेला नव्हता, आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कुत्र्यांमधला रेबीजही ९२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. याची गुरुकिल्ली साधी: सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस. पण कुत्र्यांची संख्या हलती असते. मागच्या वर्षीची लस घेतलेली मरतात, नवी पिल्लं जन्मतात, आणि पिल्लं मोहिमेतून सुटली तर सत्तर टक्के कधी गाठलेच जात नाहीत. तळाशी भोक असलेली कळशी भरत बसावं तसं होतं. म्हणून पिल्लू हा घरातलाच प्रश्न नाही, शहराच्या रेबीजचाही तोच कच्चा दुवा आहे. मुंबई महापालिकेनेही आता नसबंदीपासून वेगळी अशी सामूहिक लसीकरणाची वाट धरली आहे आणि देशाने २०३० हे वर्ष उद्दिष्ट ठेवलं आहे. पथक गल्लीत येईल तेव्हा पिल्लं कुठे दडली आहेत हे रोज त्यांना दूधपोळी घालणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यांनी पुढे येऊन ती पकडून दिली तर पथकाचं निम्मं काम होईल. घाटकोपरात अशी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. जीवदयेची परंपरा इथे खोल आहे, आणि पिल्लाला लस मिळवून देणं हा तिचाच भाग आहे.

आता माझं मत. घरात पिल्लू आणायचं ठरलं की आपण आधी बिछाना, भांडं, पट्टा, खाऊ आणतो. मुंबईसारख्या शहरात त्याआधी घरातल्या माणसांनी, निदान मुलांनी, चावण्याआधीची प्रतिबंधक लस घ्यावी. तीन डोस असतात: शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठावीस या दिवशी. खासगी दवाखान्यात एका डोसला काहीशे रुपये लागतात. विकतच्या पिल्लाच्या किमतीपुढे ती रक्कम काहीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही घरात पाळीव प्राणी असलेल्या मुलांना ही लस सुचवते. ती घेतली की पुढे चावा झाला तर जखम धुऊन फक्त दोन डोस, शून्य आणि तीन या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज नाही. अडीच महिन्यांच्या त्या उघड्या काळात रोजच्या चाव्यांचा हिशेब ठेवण्याची धास्तीही बरीच हलकी होते. चाव्यानंतरचा पूर्ण कोर्स आधी कधी झाला असेल तर तोही असंच काम करतो. म्हणून लसीची कागदपत्रं पिल्लाच्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवा.

मला माहीत आहे की ज्या घरात पिल्लू जिन्याखालून अचानक वर येतं, तिथे अशी तयारी होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि एक पिल्लू, तिथे तीन डोसांसाठी खासगी दवाखान्याचे पैसे काढा म्हणणं सोपं नाही. त्यासाठी एक करता येईल. पालिकेच्या दवाखान्यांत श्वानदंशाची लस मोफत मिळते, तशी पिल्लू पाळणाऱ्या घरातल्या मुलांना आधीची लसही मोफत मिळावी. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी कुत्र्याच्या रेबीज लसीचा दाखला पाहतात. त्याच खिडकीवर एकदा विचारता येईल: घरात मुलं किती आहेत, त्यांना लस झाली का? एका चाव्याच्या उपचाराला, त्यातल्या इम्युनोग्लोब्युलिनला जो खर्च येतो, त्याच्या मानाने हे स्वस्तच पडेल.

तोवर या दिवाळीत ज्यांच्या घरी पिल्लू येणार आहे त्यांनी एवढं करावं: पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरकडे न्याल त्याच आठवड्यात मुलांनाही त्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि पिल्लाला जिने चढवण्याआधी त्या जिन्याखालच्या त्याच्या आईला आणि भावंडांना लस कुणी आणि कधी देणार, हे वॉर्डातल्या पथकाला किंवा जवळच्या प्राणिमित्र संस्थेला फोन करून ठरवा.